एनसी रंग आणि पीयू रंग : घरी गाडी रंगवण्यापूर्वी

रंगाच्या दुकानात गाडीसाठी पांढरा रंग मागितला, की दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, "एनसी देऊ की पीयू?" पहिल्यांदाच घरी गाडी रंगवायला निघालेला माणूस दोन्हींचे भाव विचारतो आणि बहुधा स्वस्त असलेला एनसी उचलतो, किंवा 'पीयू टिकतो' असे कोणाकडून तरी ऐकलेले असते म्हणून पीयू घेतो आणि रंग पातळ करायला घरी उरलेले एनसीचे थिनर त्यात ओततो. दोन्ही डब्यांतली छटा एकच असते, थिनर दोन्हींचे पाण्यासारखे पारदर्शक असते आणि पहिल्या दिवशी पत्र्यावर दिसणारा रंगही जवळजवळ सारखाच असतो. तरीही वाळण्याच्या पद्धतीपासून ते फुप्फुसांना होऊ शकणाऱ्या अपायापर्यंत हे दोन रंग इतके वेगळे आहेत, की बेताच्या पैशात घरी काम करणाऱ्याने डबा विकत घेण्यापूर्वीच हा फरक समजून घ्यावा.

एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज. कापूस किंवा लाकूड यांतील सेल्युलोजवर आम्लांची प्रक्रिया करून हा पदार्थ तयार होतो आणि तो तीव्र थिनरमध्ये विरघळवून त्यात रंगद्रव्य मिसळले जाते. पत्र्यावर फवारल्यावर थिनर उडून जाते आणि मागे रंगाचा थर उरतो. मिठाचे पाणी आटल्यावर मीठ मागे राहावे, तसे. यात कोणतीही रासायनिक जोडणी होत नसल्यामुळे वाळलेल्या एनसीवर पुन्हा थिनर पडले की तो पुन्हा विरघळतो. त्याच्या सगळ्या गुणदोषांचे मूळ या एका गोष्टीत आहे. १९२०च्या दशकात ड्यूपाँट कंपनीने 'ड्यूको' या नावाने असा रंग मोटारींसाठी आणला, तेव्हा कारखानदारांना तो वरदान वाटला होता, कारण त्याआधीच्या तेलकट वार्निशांचे थर वाळायला आठवडे लागत आणि हा रंग काही तासांत वाळत असे. घरी काम करणाऱ्यालाही त्याचा हाच गुण आजही उपयोगी पडतो. रंगाचा एक हात दहा-पंधरा मिनिटांत धूळ न चिकटण्याइतका सुकतो, त्यामुळे बंद खोली नसलेल्या अंगणातही काम निभावते. ओघळ आला किंवा माशी चिकटली, तर तेवढी जागा वॉटर पेपरने, म्हणजे पाणी लावून वापरायच्या घासकागदाने, घासून पुन्हा फवारता येते.

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. या रसायनाचा पाया जर्मनीत १९३७ साली ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घातला. गाडीचा पीयू रंग दोन डब्यांत येतो : एकात रंग आणि दुसऱ्यात हार्डनर. हार्डनरमधील आयसोसायनेट हे रसायन रंगातल्या रेझिनशी, म्हणजे थर बांधणाऱ्या पदार्थाशी, जोडले जाते आणि सगळ्या थराचे एक जाळे तयार होते. थिनर उडून जाणे ही येथे फक्त सुरुवात असते; खरे काम त्यानंतरच्या तासांत आणि दिवसांत होते. दोन्हींचे प्रमाण डब्यावर छापलेले असते, कुठे दोनास एक, कुठे चारास एक, आणि ते खुणांच्या कपाने मोजूनच घ्यावे लागते, कारण हार्डनर कमी पडला तर थर कायमचा मऊ राहतो आणि 'लवकर वाळेल' म्हणून जास्त घातला तर तो ठिसूळ होतो. फरक डोळ्यांनी पाहायचा असेल, तर दोन कपांच्या तळाशी दोन्ही रंग थोडे थोडे ठेवून दुसऱ्या दिवशी पाहावेत. एनसीच्या कपात पापुद्रा धरलेला असतो, पण त्यावर थिनर ओतून काडीने ढवळले की तो परत रंग होतो. पीयूच्या कपात कडक चकती बसलेली असते. तिच्यावर कितीही थिनर ओतले तरी ती पुन्हा रंग होत नाही. हेच स्प्रे गनच्या नळीत घडले तर गन टाकून द्यावी लागते, म्हणून पीयूचे काम संपताच, चहाला जाण्यापूर्वी, गन धुणे भाग आहे.

बाजारातल्या स्प्रे कॅनबद्दलही येथेच सांगायला हवे. नेहमी मिळणारे कॅन हार्डनर नसलेले, म्हणजे एनसीच्या किंवा तशाच उडून वाळणाऱ्या ॲक्रिलिक लॅकरच्या जातीचे असतात. ज्या कॅनच्या तळाशी बटण असते आणि ते दाबल्यावर आतला हार्डनर मोकळा होतो, तेवढेच खरे दोन घटकांचे. ते एकदा सुरू केले की एक-दोन दिवसांत संपवावे लागतात. नुसत्या 'क्लिअर' (वरचा पारदर्शक थर) या शब्दावर विसंबून टाकीच्या झाकणाभोवती साधा कॅन मारला, तर पेट्रोलच्या ओघळाने तो थर मऊ पडतो आणि पुसताना फडक्यावर येतो. पूर्ण पक्का झालेला पीयू पेट्रोलचा असा शिंतोडा सहन करतो.

मेटॅलिक रंगात गोंधळ आणखी वाढतो. तेथे आधी बेस कोट आणि त्यावर क्लिअर अशी दोन थरांची रचना असते. बेस कोट बहुधा हार्डनरशिवायच मारतात आणि तो वाळल्यावर निस्तेज दिसतो. चकाकी आणि टिकाऊपणा दोन्ही वरच्या हार्डनर मिसळलेल्या क्लिअरमधून येतात. म्हणजे पैसे वाचवण्यासाठी क्लिअर गाळणारा माणूस ज्यासाठी खर्च केला तोच भाग गाळतो. बेताच्या पैशात काम करायचे असेल, तर साधा एकरंगी पांढरा किंवा लाल निवडणे मला केव्हाही शहाणपणाचे वाटते.

दुकानात विचारलेला भाव हा पूर्ण खर्च नसतो. एनसी लिटरमागे स्वस्त पडतो, पण तो खूप थिनर घालून फवारावा लागतो आणि प्रत्येक हात पातळ बसतो, म्हणून हात जास्त द्यावे लागतात. वाळल्यावर त्याला फारशी चमक नसते. ती आणण्यासाठी बारीक वॉटर पेपरने घासून, मग रबिंग कंपाऊंड आणि पॉलिश लावून हाताने काम करावे लागते, आणि थरात अडकलेले थिनर निघून जाण्यासाठी त्याआधी काही दिवस थांबणे चांगले. बारा महिने उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीवर त्याचे तेज लवकर जाते, म्हणून पॉलिशचे काम पुन्हा पुन्हा निघते. पीयूला चमक गनमधूनच येते आणि दोन-तीन हातांत काम होते, पण चांगला हार्डनर, त्याचेच थिनर, पुरेशी हवा देणारा कॉम्प्रेसर आणि धूळ नसलेली जागा हे सगळे लागते. पीयूचा थर तासन्‌तास ओला राहतो. अंगणातली धूळ त्यात बसली तर ती एनसीसारखी सहज घालवता येत नाही.

आता अपायाबद्दल. हा भाग वाचकाने घाईत सोडू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पीयूच्या हार्डनरमधील आयसोसायनेट फवाऱ्याबरोबर श्वासात गेले, तर त्याची ॲलर्जी जडून दमा होऊ शकतो आणि एकदा ती जडली की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही झटका येतो. वासावरून धोका ओळखता येत नाही, कारण वास जाणवला नाही तरी हवेत अपायकारक मात्रा असू शकते. १९८४ साली भोपाळमध्ये ज्या मिथाइल आयसोसायनेटने हजारो माणसे मेली, ते याच कुळातले. मात्र ते सहज वायुरूप होणारे होते आणि रंगाच्या हार्डनरमधील आयसोसायनेट त्या मानाने फार कमी उडते, त्यामुळे तेथील धोका मुख्यतः फवाऱ्याच्या बारीक तुषारांचा असतो. कापडी किंवा धुळीचा मास्क त्यासाठी निरुपयोगी आहे. पीयू फवारणाऱ्याला बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क हवा, आणि तो परवडत नसेल तर माझ्या मते घरी पीयू फवारू नये. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तर मुळीच नाही, कारण न दिसणारे तुषार काम संपल्यावरही हवेत रेंगाळतात आणि शेजारच्या मुलांनी मास्क घातलेला नसतो.

एनसी या बाबतीत सौम्य असला तरी निरुपद्रवी नाही. त्याच्या थिनरने डोके दुखते, गरगरते. कार्बनच्या डब्या असलेला मास्क आणि खेळती हवा हवीच. शिवाय नायट्रोसेल्युलोज झपाट्याने पेट घेते. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते, त्यामुळे जवळ गॅसचा गीझर, देवापुढचा दिवा किंवा विडी ओढणारा माणूस नसावा. रंगाने भिजलेली फडकी एका कोपऱ्यात गोळा करून ठेवू नयेत.

पावसाळ्यात दोन्ही रंग त्रास देतात, पण वेगवेगळ्या कारणांनी. मुंबईच्या किंवा कोकणाच्या दमट हवेत एनसीचे थिनर वेगाने उडताना पत्रा थंड पडतो, हवेतली वाफ ओल्या थरावर जमते आणि रंगावर पांढुरकी साय धरते. सावकाश उडणारे रिटार्डर थिनर थोडे मिसळल्याने हे बरेचसे टळते. पीयूमध्ये ओलावा थेट हार्डनरशी प्रक्रिया करतो आणि त्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे थरात अडकून बारीक छिद्रे पडतात. हार्डनरचा डबा अर्धवट बंद राहिला तर काही दिवसांत आतला माल घट्ट होऊन वाया जातो. कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेले पाणी तर रोज काढायलाच हवे.

गाडीवर आधीपासून कोणता रंग आहे, हेही पाहून घ्यावे लागते. पांढऱ्या सुती फडक्यावर एनसी थिनर घेऊन दाराच्या आतल्या कडेला, जेथे डाग दिसणार नाही अशा जागी, थोडा वेळ चोळावे. फडक्यावर रंग उतरला तर थर उडून वाळणाऱ्या जातीचा आहे. पृष्ठभाग सुरकुतला तर तेलाचा इनॅमल असण्याची शक्यता जास्त. काहीच झाले नाही तर तो कारखान्यात भट्टीत पक्का केलेला किंवा पीयू आहे. पक्क्या थरावर, नीट घासून, दोन्हींपैकी कोणताही रंग बसतो. जुन्या एनसीवर पीयूचा जाड ओला हात दिला, तर खालचा थर भिजून उचलला जाण्याचा धोका असतो, आणि इनॅमलवर यांपैकी काहीही मारले तर बहुधा सगळे सुरकुततेच. अशा वेळी तो पत्र्यापर्यंत काढून टाकणे हाच उपाय.

खड्डे-ओरखडे बुजवण्याच्या लांबीतही (पुट्टीतही) हीच जोडी आढळते. एनसी लांबी ओरखड्यांपुरती आहे. खोल खड्ड्यात जाड भरली तर ती आकसते आणि महिन्याभराने रंगावर भेग येते. खड्ड्यासाठी हार्डनर मिसळायची पॉलिएस्टर लांबी वापरावी. ती मात्र सच्छिद्र असते आणि पाणी शोषते, म्हणून ती कोरडीच घासून लगेच अस्तराखाली (प्रायमरखाली) झाकावी. नाहीतर आत राहिलेल्या ओलाव्यामुळे पुढे पत्रा गंजतो आणि वरचा रंग फुगतो.

बंपर, आरसा, दाराची खालची कड किंवा चाकांच्या टोप्या एवढेच काम असेल, तर एनसी किंवा साधा कॅन घरी खुशाल वापरावा. संपूर्ण गाडी रंगवायची आणि ती वर्षानुवर्षे उन्हात उभी राहणार असेल, तर घरी गंज काढावा, लांबी भरावी, सगळे घासकाम करावे, काचा-दिवे काढून किंवा मास्किंग टेपने झाकून गाडी तयार करावी आणि फक्त पीयूचे शेवटचे हात एखाद्या गॅरेजमध्ये मजुरी देऊन मारून घ्यावेत. मजुरीचा मोठा भाग घासकामाचाच असल्याने यात पैसे खरोखर वाचतात. मात्र गाडी सोडताना कोणती लांबी भरली, अस्तर एनसीचे आहे की हार्डनरचे, आणि कोणत्या भागावर जुना रंग तसाच ठेवला आहे, हे रंगाऱ्याला स्पष्ट सांगावे, म्हणजे पहिला हात किती पातळ मारायचा आणि मध्ये किती वेळ थांबायचे हे त्याला ठरवता येईल.