मोरावियन मिशन (लाहौल, किन्नौर आणि लडाख)

मोरावियन मिशन म्हणजे जर्मनीतल्या हर्नहूट गावच्या प्रोटेस्टंट मंडळीने १८५३ नंतर पश्चिम हिमालयात चालवलेलं मिशनचं काम. केलांग (लाहौल), पू (किन्नौर, हे दोन्ही आजच्या हिमाचलात), लेह आणि खलात्से (लडाख) ही त्यांची मुख्य ठाणी. ख्रिस्ती किती झाले असं विचारलं तर आकडा अगदीच किरकोळ, पण तिबेटी भाषेचा शब्दकोश, तिबेटी बायबल, लडाखमधलं पहिलं वर्तमानपत्र, लेहची शाळा-दवाखाना आणि लाहौलचे लोकरी मोजे या सगळ्याचं श्रेय याच लोकांकडे जातं, म्हणून ही नोंद.

या लोकांच्या आधी हिमालयापलीकडे ख्रिस्ती धर्म नेला तो गोव्याहून आलेल्या जेझुइटांनी (कॅथलिक पंथातला एक पाद्रीसंघ). आंतोनियो द आंद्रादे हा पोर्तुगीज पाद्री १६०० मध्ये गोव्यात आला, पुढे आग्र्याला गेला आणि १६२४ मध्ये बद्रीनाथच्या पलीकडची माना खिंड ओलांडून पश्चिम तिबेटमधल्या गुगे राज्याच्या राजधानीत, छापरांगला पोचला. राजाने चांगलं स्वागत केलं, १६२६ मध्ये चर्चचा पाया घातला गेला, पण १६३० मध्ये लडाखच्या राजाने गुगे जिंकलं आणि खेळ संपला. आंद्रादे तोवर गोव्याला परतून तिथल्या जेझुइटांचा प्रमुख झाला होता, १६३४ मध्ये तिथेच विषप्रयोगाने वारला. नंतर सव्वादोनशे वर्षांनी आलेले मोरावियन वेगळ्या पंथाचे आणि वेगळ्या घडणीचे, त्यांचा या कामाशी थेट संबंध नाही.

प्रार्थनेचा पहारा

मोरावियन समजायचे तर आधी हर्नहूट समजायला हवं. १७२२ मध्ये मोरावियातून (आजचं चेकिया) धर्मछळामुळे पळून आलेल्या लोकांना काउंट झिन्झेनडॉर्फ नावाच्या सरदाराने सॅक्सनीतल्या आपल्या जमिनीवर जागा दिली, तिथे हे गाव वसलं. आधी आपापसात भांडणंच फार, मग १७२७ च्या ऑगस्टमध्ये सगळे एकत्र आले आणि त्याच महिन्यात त्यांनी प्रार्थनेचा पहारा सुरू केला. दिवसाचे चोवीस तास वाटून घ्यायचे, प्रत्येक तासाला कुणीतरी एकजण दुसऱ्यांसाठी प्रार्थना करत असणार, तो उठला की पुढचा बसणार. आपल्याकडे देवळात अखंड सप्ताहात वीणेचा पहारा असतो ना, वीणा खाली ठेवायची नाही, तसंच काहीसं, फक्त हा सप्ताह शंभर वर्षं चालला.

या पहाऱ्यातूनच मिशन निघालं. १७३२ मध्ये पहिले दोघे वेस्ट इंडीजमधल्या गुलामांकडे गेले, मग ग्रीनलँड, सुरिनाम, दक्षिण आफ्रिका. दूरच्या ठाण्यांवरून पत्रं आणि रोजनिश्या यायच्या, त्या मंडळीत मोठ्याने वाचल्या जायच्या आणि मग त्या माणसांसाठी नाव घेऊन प्रार्थना व्हायची. म्हणजे मागे राहिलेल्याचं काम फक्त पैसे पाठवायचं नाही, तर पत्र वाचून कोण आजारी आहे, कुणाचं मूल गेलं, कुठली खिंड बंद आहे हे डोक्यात ठेवून बसायचं. पण एक गंमत अशी की हिमालयातून पत्र पोचायला कित्येक आठवडे लागायचे, हिवाळ्यात केलांगच्या वाटेवरची रोहतांग खिंड बंद झाली की त्याहून जास्त, त्यामुळे ज्या आजाऱ्यासाठी सॅक्सनीत प्रार्थना चाललेली असायची तो एव्हाना उठून कामाला लागलेला असायचा नाहीतर पुरलेला असायचा. मंडळीला हे माहीत होतंच, तरी प्रार्थना थांबल्या नाहीत.

मंगोलियाला निघाले, केलांगला राहिले

एडुआर्ड पागेल आणि ऑगस्ट विल्हेल्म हायडे या दोघांना १८५३ मध्ये पाठवलं ते खरं तर मंगोलियाला. मंगोल भाषासुद्धा शिकून झाली होती. रशियाने आपल्या हद्दीतून जायला परवानगी नाकारली तेव्हा ठरलं की भारतातून, हिमालय चढून, तिबेटमार्गे जायचं. नकाशावर हे सोपं दिसत असणार. शिमल्याजवळच्या कोटगढला दुसऱ्या एका मिशनचं ठाणं होतं तिथे राहून त्यांनी तिबेटी शिकायला घेतलं, १८५५ मध्ये लडाखपर्यंत जाऊन आले, तिबेटच्या सीमेवर अडवले गेले आणि परतले. लडाखमध्येच राहावं तर ते जम्मूच्या डोगरा महाराजांच्या राज्यात, तिथे मिशनऱ्याला कायमचं घर बांधायची परवानगी नाही. लाहौल मात्र १८४६ पासून इंग्रजांकडे, म्हणून १८५६ मध्ये रोहतांगपलीकडे, सुमारे ३,००० मीटर उंचीवर, केलांगला त्यांनी घर बांधायला घेतलं. तात्पुरता मुक्काम समजून. हायडे तिथे १८९८ पर्यंत राहिला आणि मंगोलिया त्याने कधी पाहिला नाही.

हायडेची बायको मारिया हिचा जन्म सुरिनामचा, मिशनरी आईबापांच्या पोटी. १८५९ मध्ये ती लग्नासाठी केलांगला आली, नवऱ्याची आणि तिची आधी ओळखदेख नव्हती, तेव्हा त्या मंडळीत अशी लग्नं मंडळीच ठरवायची (हे वाचून मराठी माणसाला फार धक्का बसू नये). तिची काही मुलं लहानपणीच गेली, जी जगली ती शाळेच्या वयाची झाली की जर्मनीला पाठवली, तसा तेव्हा मिशनमध्ये रिवाजच होता, आणि एकदा पाठवलं की पुन्हा भेट कधी होईल याचा भरवसा नाही. तिने वर्षानुवर्षं रोजनिशी लिहिली. मिशनचा इतिहास लिहिताना पुरुषांची नावं पुढे येतात, पण केलांगच्या लोकांच्या रोजच्या जगण्यात जे शिरलं त्यातलं बरंचसं हिच्या हातचं आहे असं माझं मत.

तिने बायकांना सुयांवर विणायला शिकवलं. लोकर आणि कातणं तिथे होतंच, पण मोजे विणायची ही पद्धत मिशनच्या विणकामाच्या शाळेतून पसरली, मग लाहौली बायकांनी त्यात आपली रंगीत नक्षी भरली आणि ते इतकं त्यांचं झालं की २०२१ मध्ये लाहौली मोजे-हातमोज्यांना जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं. बटाटाही लाहौलात मिशनच्या लोकांनीच आणला असं मानतात. आज तिथला बियाण्याचा बटाटा देशभर जातो आणि शेतकऱ्यांची १९६६ पासूनची स्वतःची सोसायटी आहे. मनालीहून लेहला बाइकवर जाणारी आपली पुण्या-मुंबईची मंडळी केलांगला मुक्काम टाकतात, मोजे विकत घेतात, आता तर २०२० पासून अटल बोगद्यामुळे रोहतांग चढायचंही टेन्शन नाही, पण या मोज्यामागे सुरिनाममध्ये जन्मलेली जर्मन बाई आहे हे कुणी सांगत नाही.

येश्के आणि देवासाठी शब्द

१८५७ मध्ये हाइनरिख ऑगस्ट येश्के केलांगला आला. हा माणूस भाषांच्या बाबतीत अचाट होता. त्याच्या हाताखाली केलांगला शिळाप्रेस (दगडावरून छपाई करणारा) सुरू झाला आणि बर्फात अडकलेल्या त्या गावात तिबेटी पुस्तिका छापल्या जाऊ लागल्या. तब्येतीमुळे १८६८ मध्ये तो युरोपला परतला, पण काम सोडलं नाही. त्याचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश १८८१ मध्ये लंडनला निघाला, तो आजही तिबेटी शिकणारे वापरतात. १८८३ मध्ये तो वारला आणि त्याने बहुतांश केलेला नव्या कराराचा (बायबलचा दुसरा भाग) अनुवाद १८८५ मध्ये छापून आला.

आता अडचण बघा. तिबेटी बौद्धांकडे जग निर्माण करणारा एकच देव ही कल्पनाच नाही, मग 'देव' कसा लिहायचा? येश्केने 'कोन्चोग' हा शब्द घेतला, त्याचा मूळ अर्थ दुर्मीळ आणि श्रेष्ठ, आणि बौद्ध माणूस तो बुद्ध, धर्म, संघ या त्रिरत्नांसाठी वापरतो. म्हणजे वाचणाऱ्याला शब्द आपला वाटणार, आदरही वाटणार, पण त्याला कळणार काय ते वेगळंच. यावर इलाज नव्हता, नवा शब्द बनवला असता तर तो कुणालाच कळला नसता. दुसरी अडचण भाषेच्या बाजाची. लेखी तिबेटी ही पोथीची भाषा, ल्हासापासून लडाखपर्यंत शिकलेल्यांना वाचता येणारी, बोली मात्र दर खोऱ्यात वेगळी. येश्केने सगळीकडे चालेल अशी लेखी भाषा धरली, पुढच्या पिढीतल्या फ्रांके या मिशनऱ्याने उलट मार्ककृत शुभवर्तमान (नव्या करारातलं येशूचं एक चरित्र) बोलींमध्ये आणायचा घाट घातला. लोकांना बोलीतलं लिखाण हलकं वाटायचं, धर्माची गोष्ट बाजारच्या भाषेत कशी असेल म्हणून. ज्ञानेश्वरी ज्यांच्या घरात आहे त्यांना हा वाद नवा नाही.

जुन्या कराराचं (बायबलचा पहिला भाग) काम योसेब गेरगान (१८७८-१९४६) या लडाखी ख्रिस्ती विद्वानाने नेटाने पुढे नेलं. गेरगान म्हणजे लडाखीत मास्तरच. १९२० मध्ये तो पाळक (मंडळीचा धर्मगुरू) झाला, लडाखी माणसं पाळक होण्याची ती पहिलीच वेळ. अनुवाद १९३५ पर्यंत हातावेगळा झाला, मग तपासण्या, युद्ध, कागद, छपाई यात आणखी वर्षं गेली, आणि पूर्ण तिबेटी बायबल १९४८ मध्ये छापून आलं ते लाहोरला, म्हणजे फाळणीनंतर पाकिस्तानात. गेरगान दोन वर्षं आधीच गेला होता. माझ्या मते या मिशनची नोंद एका माणसाच्या नावे करायची तर ती याच्या नावे करावी, कुठल्या जर्मनाच्या नाही.

पू, लेह आणि तो दुसरा कार्ल मार्क्स

१८६५ मध्ये पागेल तिबेटच्या वेशीवरच्या पू गावी गेला, कधीतरी दार उघडेल या आशेने. उघडलं नाही. १८८३ च्या जानेवारीत तो आणि त्याची बायको काही दिवसांच्या अंतराने पूलाच वारले. ठाणं पुढे १९२४ ला बंद झालं. मधल्या काळात तिबेटला जाणाऱ्या साधू सुंदरसिंग या भारतीय ख्रिस्ती प्रचारकाला इथल्या मिशनऱ्यांनी मदत केली होती.

लेहला परवानगी मिळाली १८८५ मध्ये, फ्रीडरिख रेड्सलोबच्या प्रयत्नांनी. पुढच्याच वर्षी डॉक्टर आला, त्याचं नाव कार्ल मार्क्स. नाही, दाढीवाला तो नव्हे, हा वैद्यकीय मिशनरी, दवाखाना चालवायचा आणि फावल्या वेळात लडाखच्या राजांच्या बखरीचा अनुवाद करायचा. १८९१ च्या साथीत रेड्सलोब आणि मार्क्स दोघेही गेले, म्हणजे एका वर्षात ठाण्याचे दोन्ही खांब पडले. दवाखाना मात्र राहिला, आणि मिशनच्या कामात लोकांना मनापासून हवा होता तो हाच.

शाळेची गोष्ट मजेशीर आहे. १८८९ मध्ये सरकारी हुकूम निघाला की ज्या घरात एकाहून जास्त मुलं आहेत त्यांनी एक मूल मिशनच्या शाळेत घालावं. लोक घाबरले, पोरं पळवून परदेशी नेतील, बाटवतील अशा अफवा उठल्या. हळूहळू भीती ओसरली. तीच मोरावियन मिशन स्कूल आजही लेहमध्ये चालू आहे.

ऑगस्ट हेरमान फ्रांके १८९६ मध्ये लडाखला आला आणि येताच मिशनरीपेक्षा इतिहाससंशोधकच जास्त होऊन बसला. शिलालेख, लग्नाची गाणी, केसर राजाची महागाथा, जे सापडेल ते उतरवून घेतलं. १९०४ मध्ये त्याने 'लडाख अखबार' काढला, दगडावर छापलेलं मासिक पत्र, त्यात जगातल्या बातम्या, काहीतरी जुनी कथा किंवा इतिहास, आणि शेवटी लडाखी म्हणीपासून सुरू होणारं छोटं प्रवचन. म्हणीपासून सुरुवात करायची ही शक्कल कीर्तनकारालाही पटेल अशी. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून इंग्रजांनी त्याला अटकेत टाकलं आणि नंतर परत पाठवलं, दुसऱ्या जर्मनांचंही तेच झालं.

किती जण ख्रिस्ती झाले

पहिला बाप्तिस्मा १८६५ मध्ये, म्हणजे निघाल्यापासून बारा वर्षांनी, आणि तो घेणारे बापलेकही लाहौलचे नव्हेत तर लडाखचे होते. पुढेही लेह आणि आसपासची मंडळी शेकड्यांतच राहिली, केलांगचं ठाणं १९४० मध्ये बंद झालं. कारणं शोधायला लांब जायला नको. गोम्पा म्हणजे बौद्ध मठ हा तिथल्या समाजाचा कणा, घरटी एखादा लामा, सण, पाण्याच्या पाळ्या, मयत सगळं एकमेकांत गुंतलेलं, त्यातून बाहेर पडायचं म्हणजे गावातून बाहेर पडणं. जे ख्रिस्ती झाले त्यातल्या बऱ्याच जणांना मग नोकरीसाठी मिशनवरच अवलंबून राहावं लागायचं, आणि पोटासाठी बाटले असा शिक्का बसायचा तो याचमुळे. तो आरोप सगळाच खोटा नाही, पण गेरगानसारख्याला लावायचा तर त्याने पोटासाठी एवढे कष्ट का उपसले याचंही उत्तर द्यावं लागेल.

आता धर्मप्रसारावर कायद्याचीही नजर आहे. हिमाचलात धर्मांतराबाबत २००६ मध्ये कायदा झाला, २०१९ मध्ये त्याजागी आणखी कडक आला, शेजारच्या नेपाळात तर २०१५ च्या संविधानातच दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. परदेशी मिशनरी लेहमधून केव्हाच गेले, मंडळी, पाळक आणि शाळा आता लडाखी लोकच चालवतात.

हर्नहूटचा अखंड पहारा संपला तरी त्याच्याच सोबतीची एक प्रथा टिकून आहे. दर दिवसासाठी जुन्या करारातलं एक वचन चिठ्ठी टाकून काढायचं आणि वर्षभराच्या वचनांची पुस्तिका छापायची, १७३१ पासून एकही वर्ष चुकलेलं नाही. आज ती पन्नासहून जास्त भाषांत निघते. केलांगला बर्फात अडकलेल्या हायडेकडेही ती असायची, आणि टपाल उशिरा आलं तरी त्याचं अडत नसे, कारण त्या दिवशी हर्नहूटला काय वाचलं जातंय हे त्याला पुस्तिका उघडली की कळायचं.