गोठ्याचे मार्क आणि गाईचे मार्क

नवा गोठा दाखवताना मालक आधी पत्र्याची उंची सांगतो, मग रबरी मॅट, मग पाण्याचा हौद. गाय तिथंच उभी असते. तिचा नंबर शेवटी, तोही 'वीस लिटर देते' एवढ्यापुरता.

इथं दोन गोष्टींची गल्लत होते: गाईला काय दिलंय आणि गाईचं कसं चाललंय. पहिलं टेपनं मोजता येतं. पाळीव जनावरांचे हाल तपासायला नेमलेल्या ब्रिटनमधल्या ब्रॅम्बेल समितीनं १९६५ साली सांगितलं की जनावराला उठता, बसता, वळता, अंग चाटता आणि पाय ताणता आले पाहिजेत. पुढं बराच काळ तपासणी जागा, चारा, पाणी यांभोवतीच फिरली. युरोपात २००९ साली आलेल्या, जनावराचं कसं चाललंय ते तपासायच्या 'वेल्फेअर क्वालिटी' पद्धतीनं मोर्चा थेट जनावराकडे वळवला.

म्हणजे काय करायचं? गव्हाणीवर उभ्या गाईसमोर दोन मीटरवर थांबायचं आणि हात पुढे धरून सेकंदाला एक पाऊल टाकत जायचं. हात नाकाला लागेपर्यंत ती थांबली, तर तिला माणसाचा धाक नाही. मीटरभर आधीच मान मागे घेतली, तर काठी किती चालते याचा अंदाज येतो. (हे अनोळखी माणसानं करायचं, धन्याला बघून ती वैरणीच्या आशेनं पुढेच येईल.) मग चाल. उभी असताना पाठ सपाट आणि चालताना कमान, तर खूर दुखायला लागलंय, लंगडणं अजून दिसत नसलं तरी.

दूध मात्र 'काय दिलंय' आणि 'कसं चाललंय' या दोन्हींत बसत नाही. भरपूर दुधाची गाय व्याल्यावर अंगावरची चरबी जाळून बादली भरते. बरगड्या वर येतात, आकडा मात्र झकास.

टेप फेकून द्यायची नाही हं. गाय सांगते ते बिघडल्यावर. डिसेंबरात बिनसावलीच्या गोठ्यात ती निवांत दिसेल आणि एप्रिलमध्ये धापा टाकेल. हा धोका गोठाच आधी दाखवतो.

गेल्या पावसाळ्यात एक गोठा पाहिला. तपासणीच्या कागदावर सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण, मॅट नवी कोरी. गाय दिवसाचे दहा-बारा तास बसून काढते, म्हणून मी धारा होऊन दोन तासांनी गेलो होतो. मॅट ओलीगच्च होती. गाई पलीकडे, शेणखताच्या कोरड्या उंचवट्यावर दाटीवाटीनं बसून रवंथ करत होत्या.