एकच बिल्ला, दोन गाड्या: जुनी पोलो जीटी टीएसआय घेण्याआधी

सेकंड-हँड बाजारात ‘पोलो जीटी टीएसआय, ऑटोमॅटिक, सिंगल ओनर’ एवढ्या माहितीवरून गाडी नेमकी कोणती ते कळत नाही. फोक्सवॅगनने हे नाव भारतात दोन वेगळ्या गाड्यांना दिलं. पहिली एप्रिल २०१३ मध्ये आली आणि मार्च २०२० पर्यंत विकली गेली. तिला १.२ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. दुसरी २०२० मध्ये बीएस६ या प्रदूषण नियमांबरोबर आली आणि २०२२ मध्ये पोलोच बंद झाली तोवर टिकली. तिला १.० लिटर, तीन सिलिंडर आणि सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलातून ताकद पोचवणारा ऑटोमॅटिक. पत्रा तोच, डॅशबोर्ड जवळपास तोच, मागचा बिल्लाही तोच. दोन्ही चाकणच्याच कारखान्यातल्या. पण एकीबरोबर जी जोखीम घरी येते ती दुसरीबरोबर येत नाही, आणि एकीत जी मजा आहे ती दुसरीत पुरती उतरलेली नाही.

मागणी मात्र दोघींनाही आहे. पोलोच्या जागी कंपनीने इथे दुसरी हॅचबॅक आणली नाही. ह्युंदाईची आय२० एन लाइन २०२१ मध्ये आली, टाटाची अल्ट्रोझ रेसर २०२४ मध्ये. दोन्ही १२० पीएसच्या (पीएस म्हणजे अश्वशक्ती). तरी स्टीअरिंगचं वजन, दार लावल्यावरचा आवाज आणि शंभर-सव्वाशेच्या वेगात रस्ता धरून ठेवणं यासाठी लोक अजून पोलोच शोधतात. म्हणून भाव उतरत नाहीत, आणि घाईत गाडी घेणारे बिल्ला बघून टोकन देऊन मोकळे होतात.

चेहऱ्यावरून ओळखायला जाल तर फसाल. सप्टेंबर २०१९ मध्ये पोलोचा मुखडा बदलला, षटकोनी जाळीची ग्रिल आली, पण इंजिन पुढचे सहा-सात महिने जुनंच होतं. म्हणजे ‘नव्या तोंडाची आहे, एक लिटरचीच असणार’ हा तर्क चुकतो. आरसी बघा. क्युबिक कपॅसिटी ११९७ आणि सिलिंडर चार असतील तर ती जुनी, डीएसजीवाली. ९९९ आणि तीन असतील तर नवी. बीएस४ गाड्यांची विक्री ३१ मार्च २०२० नंतर बंद झाली, त्यामुळे आरसीवर बीएस६ असेल तर प्रश्नच मिटला.

इथे एक गंमत आहे. टर्बो नसलेल्या साध्या पोलोचं जुनं १.२ एमपीआय इंजिन ११९८ सीसीचं होतं, तीन सिलिंडरचं, ७५ पीएसच्या आसपासचं. म्हणजे कागदावर फक्त एका सीसीचा फरक. आणि नंतरचं साधं १.० एमपीआय तर टर्बोइतकंच, ९९९ सीसीचं. जीटीचा बिल्ला बाजारात सुटा मिळतो आणि साध्या पोलोवर तो लावून फिरणारे पुण्यात कमी नाहीत. सुदैवाने या दोन्ही साध्या इंजिनांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कधी मिळाला नाही. पायाशी क्लचचं पेडल दिसलं आणि मागे जीटी टीएसआय लिहिलं असेल, तर विकणाऱ्याशी पुढचं बोलणंच नको.

आता आकडे. जुनी १०५ पीएस, नवी ११० पीएस. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा ओढण्याचा जोर, दोघींचा १७५ न्यूटन मीटर. एआरएआय या चाचणी संस्थेचं मायलेज जुनीचं १७.२१, नवीचं १६.४७. हे वाचून कोणालाही वाटेल की नवीन गाडी किंचित जोरदार आणि किंचित खादाड, बाकी सारखंच. चालवताना मात्र उलटंच जाणवतं. जुन्या इंजिनाचा पूर्ण टॉर्क दीड हजार आरपीएमच्या आसपासच हाती येतो, नव्याचा पावणेदोन हजाराच्या पुढे. आणि डीएसजी पुढचा गिअर आधीच लावून तयार ठेवतो, त्यामुळे बदल होतो तेव्हा जोर तुटत नाही. शून्य ते शंभर ९.७ सेकंदांत असा जुन्या गाडीबद्दल कंपनीचा दावा होता. खोपोलीहून खंडाळ्याकडे चढताना ट्रकला ओव्हरटेक करायचा असेल तर जुनी गाडी पाय दाबताच निघते. नवी क्षणभर विचार करते, दोन गिअर खाली येते, मग निघते. ती संथ नाही. पण चार सिलिंडरचा गुळगुळीतपणा आणि डीएसजीची ती चपळाई एकदा अनुभवली की तीन सिलिंडरची घरघर कानाला लागतेच.

मग सगळ्यांनी जुनीच का घेऊ नये? कारण तिचा डीएसजी.

या गिअरबॉक्सचं कारखान्यातलं नाव डीक्यू२००. यात दोन क्लच असतात: एकावर १, ३, ५, ७ हे गिअर, दुसऱ्यावर २, ४, ६ आणि रिव्हर्स. दोन्ही क्लच कोरडे, म्हणजे तेलात बुडालेले नाहीत. घासून तयार होणारी उष्णता हवेतच सोडावी लागते. युरोपातल्या मोकळ्या रस्त्यांवर यात काही अडत नाही. पण संध्याकाळी सहाला हिंजवडीतून बाहेर पडताना गाडी वावावाने पुढे सरकते, तेव्हा पहिल्या गिअरचा क्लच सतत अर्धा लागलेला असतो. मॅन्युअल गाडीत हाफ क्लचवर पाऊण तास काढणाऱ्याला आपण नावं ठेवतो. इथे गाडीच ते करते. क्लच तापतो, त्याच्या पट्ट्या झिजतात, आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी थरथरायला लागते.

लोकांचा एक गैरसमज आहे की सिग्नलला ‘डी’मध्ये उभं राहिलं म्हणून क्लच जातो. ब्रेक पूर्ण दाबलेला असेल तर क्लच सुटलेला असतो, झीज होत नाही. नुकसान होतं ते ब्रेक अर्धवट सोडून रांगण्यात, आणि चढावर ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवण्यात. आधीच्या मालकाला ही सवय होती का, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं.

क्लचपेक्षा मोठी भीती मेकाट्रॉनिक्सची. गिअर आणि क्लच हलवणारा हायड्रॉलिक पंप, व्हॉल्व्ह आणि इलेक्ट्रॉनिक्स यांचा हा एकत्र डबा. तो गेला की गाडी जागेवरच थांबते, निदान अर्धे गिअर तरी गमावते. २०१३ मध्ये चीनमध्ये डीएसजीच्या तक्रारींवरून फोक्सवॅगनला पावणेचार लाखांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या, आणि तिथे गिअरबॉक्सची वॉरंटी दहा वर्षांपर्यंत वाढवावी लागली होती. आपल्याकडे वॉरंटी संपलेल्या जुन्या गाडीत नवं मेकाट्रॉनिक्स बसवायचं तर खर्च लाखाच्या पुढेच जातो. काही गॅरेजवाले तेच दुरुस्त करून देतात, स्वस्तात. ते किती टिकेल हे काम करणाऱ्याच्या हातावर.

नव्या गाडीचा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर जपानच्या आयसिनचा. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेल असतं आणि ताकद त्या तेलाच्या प्रवाहातून पुढे जाते. गर्दीत रांगताना घासणारं असं फार काही नाही. थोडी ताकद तेलात वाया जाते, मायलेज त्यामुळेच उतरतं. या गिअरबॉक्सचं तेल साधारण साठ हजार किलोमीटरवर बदलून घ्यावं असं जाणते मेकॅनिक सांगतात. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये ती नोंद असेल तर मालक नीट होता असं समजा. बाकी यात भिण्यासारखं फारसं नाही, म्हणून मीही पुढे फार लिहीत नाही.

जुनी, डीएसजीवाली गाडी बघायला जाताना विकणाऱ्याला आधीच सांगा, इंजिन थंड ठेवा. पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. थंड असताना आणि मग अर्धा तास गर्दीत फिरवून तापल्यावर, दोन्ही वेळी पहिल्या-दुसऱ्या गिअरकडे लक्ष द्या. थरथर, खट्ट असा आवाज, किंवा दुसऱ्यातून पहिल्यात येताना धक्का बसला तर क्लच झिजलाय. पार्किंगच्या उतारावरून रिव्हर्समध्ये चढवून बघा; तिथे तर लपवताच येत नाही. गिअरचा आकडा डिस्प्लेवर लुकलुकला तर तिथूनच परत फिरा.

नंतर फोक्सवॅगनचं काम जाणणाऱ्या मेकॅनिककडून स्कॅन करून घ्या. पी१७बीएफ हा कोड दिसला तर हायड्रॉलिक दाब नीट तयार होत नाहीये, म्हणजे मेकाट्रॉनिक्सचीच तक्रार. कोड पाच मिनिटांत पुसता येतात, म्हणून स्कॅन टेस्ट ड्राइव्हच्या आधी नको, नंतर करा. स्कॅन करू द्यायला विकणारा कां-कूं करत असेल तर तेही उत्तरच. याउलट क्लच आणि मेकाट्रॉनिक्स दोन्ही अलीकडे बदलल्याची बिलं असतील, तर मी अशी गाडी ‘अजून काहीच काम निघालं नाही’ म्हणणाऱ्या गाडीपेक्षा आधी बघेन.

रिमॅपचा, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलल्याचा, प्रश्न दोघींनाही लागू. टर्बो पेट्रोल असल्यामुळे लॅपटॉप लावून ताकद वाढवणं सोपं, आणि या गाड्या हौशी लोकांनीच घेतल्या आहेत. विकण्याआधी पुन्हा मूळ सॉफ्टवेअर भरून ठेवतात. वेगळा एक्झॉस्ट, बदललेला एअर फिल्टर, गाडीच्या वयाच्या मानाने नवे स्पार्क प्लग दिसले तर सरळ विचारा. डीक्यू२०० ची मर्यादा २५० न्यूटन मीटर आहे. इंजिन त्याच्या जवळ नेलेलं असेल तर क्लचने काय सोसलंय याचा अंदाज घ्या.

वयाचाही हिशोब आहे. २०१३ च्या गाडीची नोंदणी २०२८ मध्ये पंधरा वर्षांची होते, मग आरटीओत फिटनेस आणि फेरनोंदणी. तीन-चार वर्षांनी पुन्हा विकायचा विचार असेल तर ही वर्षं टाळलेली बरी. आणि २०१९-२० च्या नव्या तोंडाच्या १.२ ला विकणारा एक लिटरच्या गाडीचा भाव सांगेल. तो देऊ नका. चेहरा नवा असला तरी गाडी बीएस४ आणि गिअरबॉक्स तोच.

रोज चाकण-भोसरी किंवा ठाणे-अंधेरी करणाऱ्याने १.० घ्यावी, यात मला शंका नाही. ज्याच्याकडे रोजच्यासाठी दुसरी गाडी आहे, जो शनिवार-रविवार मोकळ्या रस्त्यावर निघतो, आणि जो लाख-दीड लाख गिअरबॉक्सच्या नावाने बाजूला ठेवू शकतो, त्याला १.२ सारखी मजा या पैशांत दुसरी मिळणार नाही. आणि बिल्ल्याचा हट्ट नसेल, डावा पाय अजून कामात असेल, तर २०२० नंतरची हायलाइन प्लस बघा. एक लिटरचं तेच टीएसआय इंजिन, सहा गिअरचा मॅन्युअल, एआरएआय मायलेज १८.२४, आणि क्लच गेला तर कुठल्याही शहाण्या मेकॅनिकला तो बदलता येतो.