उन्हातल्या गाडीत राहून गेलेलं मूल

जून-जुलै आला की अमेरिकेतून अशी एखादी बातमी येतेच. सकाळी बाळाला पाळणाघरात सोडून कामावर जायचं होतं. वडील थेट कामावर गेले. गाडी दिवसभर उन्हात उभी राहिली. संध्याकाळी मागच्या सीटवर बाळ गेलेलं सापडलं. वाचणाऱ्याच्या तोंडचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "पोटचं पोर कुणी विसरतं का?" या वाक्याच्या पोटात एक गृहीतक आहे. ज्याच्यावर जीव असतो ते माणूस विसरत नाही, म्हणजे जो विसरला त्याचा जीवच नव्हता. हे गृहीतक चुकीचं आहे, आणि त्यापायी आणखी मुलं जातात.

सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीतले हवामानशास्त्रज्ञ जॅन नल यांनी अमेरिकेतल्या अशा मृत्यूंची १९९८ पासूनची नोंद ठेवली आहे. वर्षाला सरासरी ३७ च्या आसपास मुलं, आजवर एकूण हजाराहून जास्त. त्यातली निम्म्याहून थोडी जास्त मोठ्यांच्या विसरण्यामुळे गेली. साधारण पाव मुलं खेळता खेळता स्वतःच उभ्या गाडीत शिरली आणि अडकली. जवळपास पाचवा हिस्सा मुलांना मोठ्यांनी माहीत असताना मागे ठेवलं होतं, "दोन मिनिटांत येतो" म्हणून. हे तीन प्रकार वेगळे आहेत. तिसऱ्यात कुणीतरी एक निर्णय घेतलेला असतो आणि त्याचा जाब विचारता येतो. पहिल्यात निर्णयच नसतो. बातम्या मात्र तिन्हींना एकाच दोरीत बांधतात.

गाडी किती लवकर तापते, याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राने होतो. दुपारचं ऊन एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॉट ऊर्जा ओततं. गाडीच्या सगळ्या काचांमधून मिळून साधारण एक किलोवॉट, म्हणजे सेकंदाला १००० ज्यूल, आत आली असं धरू. आतली हवा सुमारे ३ घनमीटर, म्हणजे साडेतीन किलो. एक किलो हवा एका अंशाने तापायला जेमतेम १००० ज्यूल लागतात. सगळी ऊर्जा हवेतच गेली असती तर दर साडेतीन सेकंदांना एक अंश वाढला असता. तसं होत नाही, कारण ऊन आधी डॅशबोर्ड आणि सीट तापवतं, ते हवेला तापवतात, आणि काही उष्णता काचपत्र्यातून बाहेर जाते. पण तापलेल्या हवेला वर उठून बाहेरच्या हवेत मिसळायला वाट नसते. नल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत तासाभरात गाडीच्या आतलं तापमान सरासरी २२ अंश सेल्सिअसने चढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर खाली ठेवल्याने लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. ॲरिझोनातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये भर उन्हाळ्यात मोजलं तेव्हा उन्हातल्या गाडीच्या आत तासाभरात ४७ अंश झाले आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर गेला. सावलीतल्या गाडीत ३८ अंश. त्यांच्या गणिताप्रमाणे दोन वर्षांच्या मुलाच्या शरीराचं तापमान उन्हात साधारण तासाभरात ४० अंशांवर जातं आणि सावलीत दोन तासांच्या आतच. म्हणजे सावलीने तासभर मिळतो, त्याहून जास्त नाही.

मूल आपल्यापेक्षा लवकर तापतं त्याचं मोठं कारण भूमितीत आहे. दहा किलोच्या मुलाची त्वचा सुमारे ०.४७ चौरस मीटर, सत्तर किलोच्या माणसाची १.८. किलोमागे पाहिलं तर मुलाच्या वाट्याला जवळजवळ दुप्पट त्वचा येते, आणि बाहेरची हवा त्वचेपेक्षा गरम असेल तेव्हा हीच त्वचा उष्णता आत घेते. उरतो फक्त घाम. तो लहान मुलाला कमी येतो, आणि पाठ सीटच्या गादीला चिकटलेली असल्याने जो येतो तोही नीट सुकत नाही.

आता विसरण्याकडे. इथे थोडं थांबावं लागेल, कारण खरी गोष्ट इथेच आहे.

"पाळणाघराशी वळायचं आहे" ही आठवण पाठ केलेल्या कवितेसारखी नसते. ती पुढे करायच्या कामाची आठवण असते. शास्त्रज्ञ तिला भावी स्मृती म्हणतात. कविता आठवायला कुणीतरी "म्हण" असं सांगतं. भावी स्मृतीत तसं सांगणारं कुणी नसतं. चालू काम मध्येच तोडून, नेमक्या क्षणी, ती आपली आपणच वर आणायची असते. आणि त्याच वेळी मेंदूत दुसरी एक यंत्रणा काम करत असते, सवयीची. ती चावी फिरवते, गिअर टाकते, सिग्नलला थांबते आणि रोजच्या रस्त्याने ऑफिसात नेऊन सोडते. पहिलीला आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस आणि कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स लागतो. दुसरी मेंदूच्या खोलवरच्या बेसल गँग्लियात राहते.

या दोन यंत्रणा खरोखर वेगळ्या आहेत आणि स्टिअरिंगसाठी एकमेकींशी झगडतात, हे दाखवणारा सर्वांत सुंदर प्रयोग उंदरांवरचा आहे. मार्क पॅकार्ड आणि जेम्स मॅगॉ यांनी तो १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. अधिकच्या चिन्हासारखा चार फाट्यांचा मार्ग घ्या. उंदीर दक्षिणेच्या फाट्यावरून सुटतो, चौकात डावीकडे वळतो आणि पश्चिमेच्या फाट्यावर त्याला खाऊ मिळतो. रोज हेच. आठव्या दिवशी त्याला उलट बाजूने, उत्तरेकडून सोडलं. खाऊची जागा जो ओळखतो तो आता उजवीकडे वळेल, पश्चिमेला. ज्याच्या अंगात "डावीकडे वळ" एवढंच मुरलंय तो पूर्वेला जाईल. आठव्या दिवशी बहुतेक उंदीर बरोबर पश्चिमेला गेले. सराव चालू ठेवून सोळाव्या दिवशी पुन्हा उत्तरेकडून सोडलं, तेव्हा बहुतेक जण डावीकडे वळले आणि चुकीच्या फाट्यावर पोचले. सवयीने जागेवर मात केली होती.

याच्या पुढचा भाग माझ्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा आहे. सोळाव्या दिवशी काही उंदरांच्या बेसल गँग्लियातल्या कॉडेट या भागात लिडोकेन टोचलं; दात काढताना हिरडीत देतात तेच भूल आणणारं औषध. सवयीची यंत्रणा काही वेळ बधिर झाली. हे उंदीर उजवीकडे वळले आणि बरोबर खाऊपाशी पोचले. म्हणजे खाऊ कुठे आहे हे ज्ञान पुसलं गेलं नव्हतं. ते जसंच्या तसं होतं. फक्त वळताना त्याला कुणी विचारलं नव्हतं.

माणसात मेंदूवर अशी सुई टोचत नाहीत, पण रोगांनी तो पुरावा दिला आहे. त्याच १९९६ सालच्या एका अभ्यासात नव्या आठवणी न टिकणारे, स्मृतिलोप झालेले रुग्ण चित्रांच्या पत्त्यांवरून पावसाचा अंदाज करायला हळूहळू शिकले, आणि आपण तो सराव कधी केला हेच त्यांना नीट सांगता येईना. पार्किन्सनच्या रुग्णांचं उलट झालं. त्यांच्यात बेसल गँग्लियाचं काम बिघडलेलं असतं. सराव त्यांना आठवत होता, पण अंदाज काही जमेना.

आता वडिलांच्या गाडीत परत या. रोज बाळाला आई सोडते, आज तिला लवकर जायचंय म्हणून ते काम वडिलांकडे आलंय. रात्री बाळ तीनदा उठलं होतं. झोप अपुरी असली की आधी घसरतो तो प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच. गाडीच्या हालचालीने बाळ झोपलंय. त्याची सीट मागच्या बाजूला तोंड केलेली आहे, त्यामुळे आरशात फक्त सीटची पाठ दिसते, बाळ असो वा नसो. बाळाची पिशवी डिकीत आहे. चौक आला. डावीकडे पाळणाघर, सरळ ऑफिस. फोन वाजला, किंवा पुढच्या गाडीने ब्रेक मारला. गाडी सरळ गेली.

सायंकाळपर्यंत आठवण का होत नाही, हे लोकांना सगळ्यात जास्त खटकतं. साउथ फ्लोरिडा विद्यापीठातले डेव्हिड डायमंड यांनी अशा प्रकरणांचा अभ्यास केला आहे. त्यांच्या मांडणीनुसार, तो चौक मागे पडला की मेंदू रिकामी जागा नेहमीच्या कथेने भरतो: बाळ पाळणाघरात आहे. काम झालं अशी नोंद झाली की त्या कामाची टोचणी बंद होते. दाराला कुलूप घातल्यावर तो विचार थांबतो, अगदी तसंच. म्हणूनच काही पालकांनी दिवसभरात सहकाऱ्यांशी बाळाबद्दल गप्पा मारल्या आहेत, आणि संध्याकाळी ते बाळाला आणायला पाळणाघरात गेले आहेत. त्यांच्या मते ते मूल तिथेच होतं. प्रेमाला यात हात घालायला जागाच उरत नाही.

विमानाच्या कॉकपिटमध्ये हे फार आधी मान्य झालं. १६ ऑगस्ट १९८७ रोजी डेट्रॉइटहून उडालेल्या विमानाचे फ्लॅप, म्हणजे उडताना जादा उचल देणाऱ्या पंखांच्या पट्ट्या, खाली केलेले नव्हते. १५६ माणसं गेली. वैमानिक स्वतः त्याच विमानात होते, त्यामुळे त्यांना जिवाची पर्वा नव्हती असं कुणाला म्हणता येत नाही. तपासाने विचारलं ते हे की चेकलिस्ट का वाचली गेली नाही आणि धोक्याची सूचना देणारा आवाज का आला नाही. मुलाच्या बाबतीत हा प्रश्न विचारायच्या आतच आपण आईबापाच्या स्वभावापाशी पोचतो.

का पोचतो, हेही मोजलेलं आहे. इलेन वॉल्स्टर यांनी १९६६ मध्ये लोकांना एक प्रसंग सांगितला: चढावर उभी केलेली गाडी घसरली. एका गटाला सांगितलं की नुकसान किरकोळ झालं, दुसऱ्याला की मोठं. चालकाची चूक दोन्हीकडे तीच, तरी नुकसान मोठं तेव्हा लोकांनी त्याला जास्त जबाबदार धरलं. पुढच्या काही प्रयोगांत हा परिणाम कमी दिसला, पण सगळे प्रयोग एकत्र तोलले तर तो टिकतो. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात थॉमस, स्टॅनफर्ड आणि सार्नेका यांनी आणखी नेमकं काम केलं. मूल काही वेळ एकटं राहिलं, एवढंच सारखं ठेवून आई का गेली हे कारण तेवढं बदललं: तिला अपघात झाला, कामावर गेली, प्रियकराला भेटायला गेली. मुलाला किती धोका होता ते लोकांनी सांगायचं होतं. अपघाताच्या कथेत धोका सर्वांत कमी ठरला, प्रियकराच्या कथेत सर्वांत जास्त. मूल तेच, वेळ तोच. लोक आधी आईचा न्याय करतात आणि मग त्याला जुळेल असा धोका मोजतात.

दोषाच्या या घाईची किंमत मुलं मोजतात. विसरणारे पालक वेगळ्या जातीचे असतात असं ठरलं, की आपल्याला खबरदारीची गरज वाटत नाही. "त्याचा योगच होता" किंवा "दृष्ट लागली" म्हणणाऱ्यांचंही तसंच होतं. नशिबाने नेलं म्हटल्यावर पाळणाघराची पद्धत कोण तपासणार? गाडीला लिंबू-मिरची बांधून मागची सीट दिसत नाही.

आपल्याकडे चाइल्ड सीटचा वापर कमी, मूल बहुधा कुणाच्या तरी मांडीवर, म्हणून विसरण्याचा पहिला प्रकार कमी दिसतो. पण मे २०२४ मध्ये राजस्थानात कोट्याजवळ लग्नाला आलेल्या कुटुंबात तीन वर्षांची मुलगी गाडीत राहिली. आई आणि वडील दोघांनाही ती दुसऱ्यापाशी आहे असं वाटलं. यात विसरणंही नाही, हातातून हातात देताना झालेली चूक आहे. त्यावर उपाय एकच, तोंडाने म्हणणं: "ही माझ्याकडे आहे." जून २०२३ मध्ये नागपुरात घराजवळ उभ्या असलेल्या गाडीत अडकून तीन मुलं गेली, तो दुसरा प्रकार. त्यासाठी गाडी दारातही कुलूपबंद ठेवायची, चावी मुलांच्या हाताला लागणार नाही अशा खुंटीवर अडकवायची आणि मुलांना जोरजोरात हॉर्न वाजवायला शिकवायचं. मूल दिसेनासं झालं की आधी पाण्याची टाकी-विहीर, लगेच आसपासच्या सगळ्या गाड्या, डिकीसकट.

रस्त्यात बंद गाडीत निपचित मूल दिसलं तर ११२ ला फोन करा आणि मुलापासून लांबची बाजूची काच कोपऱ्यात टोकदार वस्तूने फोडा. पुढची काच दुपदरी असते, तिच्यावर वेळ घालवू नका. हेडरेस्टच्या सळया काच फोडण्यासाठीच बनवलेल्या असतात, हा फिरणारा संदेश खोटा आहे. त्या उंची कमी-जास्त करायला असतात. मुलाला सावलीत आणून कपडे काढा, अंगभर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉल देऊ नका. ते मेंदूने स्वतः वाढवलेल्या तापावर चालतं, बाहेरून चढलेल्या उष्णतेवर नाही.

इटलीने नोव्हेंबर २०१९ पासून चार वर्षांखालच्या मुलांसाठी सीटमधलं सूचनायंत्र सक्तीचं केलं. काही गाड्यांत मागचं दार उघडल्याची नोंद ठेवून इंजिन बंद करताना घंटा वाजते, पण त्या घंटेला मूल दिसत नाही, फक्त दार कळतं. फुकटचा उपाय असा: ज्याच्याशिवाय काम सुरूच होत नाही ती वस्तू, ऑफिसचं ओळखपत्र किंवा डावा बूट, बाळाच्या सीटजवळ ठेवायची. रोज ठेवायची, बाळ सोबत नसतानाही, म्हणजे तीही सवय होते.

आणि पाळणाघराशी आधीच ठरवून ठेवायचं. ठरलेल्या वेळेनंतर दहा मिनिटांत मूल आलं नाही तर फोन आईला, मग वडिलांना, मग आजी-आजोबांना, कुणीतरी उचलेपर्यंत. संदेश पाठवून थांबायचं नाही.