सुपरकपॅसिटरची अंतराळ-चाचणी

सुपरकपॅसिटर म्हणजे वीज साठवून झटकन देणारा घटक. उपग्रहावर बसवायचा सुपरकपॅसिटर तिथे तग धरेल का, हे जमिनीवरच कंपन, निर्वात, तापमान आणि किरणोत्सर्ग यांच्या माऱ्याखाली पडताळण्याची पद्धत. भारतात हे सुपरकपॅसिटर-तंत्रज्ञान तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने विकसित केले.

बॅटरीत रासायनिक क्रिया घडते. सुपरकपॅसिटरमध्ये सक्रिय कोळशाच्या इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर आयनांचा (विद्युतभारित कणांचा) थर बसतो नि उठतो, एवढेच. म्हणून तो सेकंदांत भरतो आणि लाखो वेळा भरता-उपसता येतो. साठा मात्र तुटपुंजा: 100 फॅरड धारकतेच्या (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेच्या) सेलमध्ये 2.7 व्होल्टला सुमारे 365 ज्यूल, म्हणजे 1 वॉटचा दिवा जेमतेम सहा मिनिटे. तेव्हा बॅटरीला रजा देणे हे त्याचे काम नव्हे. क्षणभराचा मोठा भार त्याने उचलायचा.

हा कोळसा पुष्कळदा नारळाच्या करवंटीचा असतो. गोव्यात जी करटी न्हाणीच्या चुलीत जाते, तीच. त्याच्या एका ग्रॅमला 1000 ते 2000 चौरस मीटर पृष्ठभाग असतो आणि इतकी छिद्रे म्हटल्यावर तो ओल ओढणारच. जूनमध्ये गोव्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते. तिथे उघडा इलेक्ट्रोड कोरडा कसा राहील? पाण्याचे विघटन 1.23 व्होल्टपासूनच शक्य होते, सेल चालतो 2.7 व्होल्टवर. आत वायू साचतो. जमिनीवर हवेचा दाब फुगवटा आवरून धरतो, निर्वातात पिशवीबंद सेल टम्म फुगतो. अंतराळाच्या माथी मारलेला दोष कित्येकदा पावसाळ्याचा असतो! म्हणून इलेक्ट्रोड निर्वात भट्टीत वाळवून जोडणी आर्गन भरलेल्या ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे जोडलेल्या हवाबंद पेटीत, करतात.

उड्डाणाचे हादरे आधी, म्हणून कंपनचाचणीही आधी. किरणोत्सर्गासाठी कोबाल्ट-60 चे गॅमा किरण वापरतात. मग येतो उष्मा-निर्वात कक्ष. आत हवा नाही, त्यामुळे भरण-उपसणीत तापलेल्या सेलची उष्णता वहनाने किंवा प्रारणानेच बाहेर पडते. सेलमधल्या विद्युत-अपघटनी (आयन वाहणाऱ्या) द्रावणात ॲसिटोनायट्राइल हा द्रावक असेल तर ते उणे 45 अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते, 82 ला उकळते. पृथ्वीलगतच्या कक्षेत फेरी साधारण 90 मिनिटांची. ऊन-सावलीची आवर्तने वर्षाला साडेपाच हजारांवर.

प्रत्येक टप्प्याआधी व नंतर धारकता, अंतर्गत रोध आणि गळती-प्रवाह (भरलेल्या सेलमधून आपोआप झिरपणारा प्रवाह) मोजतात. धारकता 20 टक्क्यांनी घटली किंवा रोध दुप्पट झाला, की सेल बाद, हा रूढ निकष. व्हर्नियरने जाडी आणि नाजूक काट्यावर वजनही घेतात. आकडे जसेच्या तसे, पण वजन काही मिलिग्रॅम उतरलेले, तर सेलच्या आवरणाची शिवण कुठेतरी झिरपते आहे.