करीचा थ्री आणि रिंगमधले चार सेंटीमीटर

बास्केटबॉलवाला स्टेफ करी माझा हिरो आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कौतुक जरा जास्त झालं तर सांभाळून घ्या. पण लोक त्याला "गॉड गिफ्टेड" म्हणतात ना, तिथे माझं डोकं फिरतं. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, साडेसहा फुटी माणूस म्हणजे अगदी नॉर्मल, आणि हा 6 फूट 2 इंच. याच्याकडे जे आहे ते चक्क कागदावर मांडता येतं.

रिंगचा व्यास 45.7 सेंमी, बॉलचा साधारण 24. वरून सरळ सोडला तर जागाच जागा. पण बॉल तिरका येतो, आणि तिरक्या येणाऱ्या बॉलसाठी रिंग गोल राहत नाही, चपटी होते. 45 अंशात आला तर तोंड उरतं 32 सेंमीचं, 30 अंशात आला तर फक्त 23, म्हणजे बॉलपेक्षा लहान, मग कडेला न लागता आत जाणार कसा?

आता थ्री पॉइंट लाइन घ्या (तिच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला तीन पॉइंट, तोच "थ्री"), रिंगपासून समोरून 7.24 मीटर. बॉल हातातून 2.2 मीटर उंचीवर सुटतो असं धरा, हवा विसरा, आणि बारावीचं फिजिक्स लावा. सगळ्यात कमी जोर लागतो हातातून 48 अंशाला सोडला तर (रिंगमध्ये शिरतानाचा कोन यापेक्षा कमी असतो), वेग सेकंदाला 8.93 मीटर. तोच 54 अंशाला मारा, 9.03 लागेल. फक्त एक टक्का जास्त! आणि त्या बदल्यात रिंगचं तोंड 30 सेंमीवरून 34 वर जातं, म्हणजे बॉलभोवतीची मोकळी जागा 6 ची 10 सेंमी झाली. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच वाटेना, परत गणित केलं.

मग सगळेच उंच का नाही मारत? कारण 48 ला मनगट एक अंश चुकलं तर बॉल जेमतेम सेंटीमीटरभर इकडेतिकडे होतो, 54 ला तीच चूक सात सेंटीमीटरची होते. म्हणजे उंच कमान परवडते कोणाला, तर ज्याचा हात दर वेळी तोच कोन देतो त्याला (डावीकडे-उजवीकडे तर कोणालाच एक अंश पण माफ नाही). करीची कमान किती उंच असते ते टीव्हीवरही दिसतं, आणि हात किती पक्का ते फ्री थ्रोवरून (फाउलनंतर कोणी न अडवता मारायचा शॉट) कळतं, करिअरभरात 91 टक्क्यांच्या आसपास.

आणि हा हात जन्मापासूनचा नाहीये. शाळेत असताना तो बॉल कमरेजवळून वर फेकायचा, अंगात ताकद कमी म्हणून. वडील डेल करी स्वतः एनबीएचे शूटर, त्यांनी एका उन्हाळ्यात सगळं मोडून रिलीज, म्हणजे बॉल हातातून सुटण्याची जागा, कपाळाच्या वर आणायला लावला आणि पोराला कितीतरी दिवस रिंगजवळूनच मारावं लागलं, लांबून बॉल पोचायचाच नाही. ताकद शेवटी पायातून आली: उडी वर जात असतानाच तो बॉल सोडतो, त्यामुळे अंगाचा वेग फुकटात बॉलला मिळतो आणि समोरच्याला हात वर करायला वेळच उरत नाही. 2015-16 च्या सीझनमध्ये 402 थ्री, आधीचा रेकॉर्ड 286 चा, तोही याचाच.

बॅकस्पिनचं पण सांगायला हवं. बोटांनी उलटी फिरकी दिलेला बॉल मागच्या कडेवर आपटला की त्याचा पुढचा वेग मारला जातो आणि तो तिथेच खाली पडतो. तुम्ही-आम्ही मारलेला बाहेर उडतो तो बरेचदा ही फिरकी नसल्यामुळे.

10 ऑगस्ट 2024 ची पॅरिस ऑलिम्पिकची फायनल बघितली नसेल तर शेवटची तीन मिनिटं तरी शोधून बघा. फ्रान्सविरुद्ध चार थ्री, शेवटचा तर दोघं अंगावर असताना, आपल्याकडे पहाटेचे तीन वाजत आलेले. रिप्लेमध्ये करीकडे बघू नका, बॉल रिंगमध्ये किती उभा उतरतो तेवढंच बघा.