रस्त्यावरच्या गाडीसाठी कॅमशाफ्टची निवड

चार स्ट्रोकच्या इंजिनात व्हॉल्व्ह कधी उघडायचे, किती उघडायचे आणि कधी मिटायचे हे कॅमशाफ्ट ठरवतो. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्यांत त्याची एक फेरी होते, आणि त्याच्यावरचे अंड्याच्या आकाराचे उंचवटे, म्हणजे लोब, टॅपेटना, म्हणजे लोबांवर टेकलेल्या दट्ट्यांना, वर ढकलतात. इंजिनाची ताकद किती आरपीएमवर (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांवर) जागी होणार आणि कुठे संपणार, हे या लोबांच्या आकारात बरेचसे ठरून जाते. कारखान्यातून येणारा कॅम सगळ्यांना चालावा असा घडवलेला असतो. थंडीत गाडी चटकन सुरू व्हावी, ॲव्हरेज मिळावे, धुराच्या तपासणीत ती अडकू नये, ही त्याची कामे. हौशी माणसाला याहून जास्त जोर हवा असतो, पण त्याच गाडीने त्याला सिग्नलला उभेही राहायचे असते. या दोन गरजांचा मेळ घालणारा कॅम शोधणे हा इंजिनबांधणीतला सर्वांत विचार करायला लावणारा भाग आहे.

ही विद्या मुख्यतः अमेरिकेत, त्यातही दक्षिण कॅलिफोर्नियात वाढली. फोर्डने 1932 मध्ये स्वस्त व्ही-8 इंजिन बाजारात आणले आणि तिथल्या तरुणांनी जुन्या गाड्या हलक्या करून, कॅमचे लोब पुन्हा घासून त्यांना नवा आकार देऊन त्या कोरड्या तलावांच्या सपाट तळावर पळवायला सुरुवात केली. लॉस एंजेलिसचे एड विनफील्ड हे या घासकामातले आद्य कारागीर. एड इस्केंडेरियन यांनी 1946 मध्ये स्वतःचा कॅमचा व्यवसाय सुरू केला. कारखान्यांनीही हे ज्ञान आत्मसात केले. शेव्हरोलेचे अभियंते झोरा आर्कस-डुन्टोव्ह यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कॅममुळे आणि फ्युएल इंजेक्शनमुळे 1957 च्या 283 घनइंची इंजिनातून 283 अश्वशक्ती काढता आली.

या नोंदीत उदाहरण घेतले आहे ते शेव्हरोलेच्या 350 घनइंची, म्हणजे 5.7 लिटरच्या व्ही-8 इंजिनाचे. 1967 मध्ये आलेल्या या इंजिनात कॅम ब्लॉकमध्ये बसतो, पुशरॉड (टॅपेटवरची सळई) आणि रॉकर (तरफ) यांच्यामधून व्हॉल्व्ह चालवतो, आणि त्यासाठी मिळणारे कॅम मोजता येणार नाहीत इतके आहेत. कॅलिफोर्नियात 1975 पर्यंतच्या मॉडेलच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या नियमित तपासणीतून सूट आहे. जुन्या गाड्यांवर हे प्रयोग टिकून राहण्याचे ते एक साधे कारण. भारतात वाहनातील बदलांवर मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 ची बंधने आहेत, हे इथल्या वाचकाने आधी लक्षात घ्यावे.

कॅमसोबत एक कार्ड येते. ते वाचता आले की निम्मे काम झाले. कॉम्प कॅम्स या मेम्फिसच्या कंपनीचा एक्सई-268-एच हा फार खपलेला कॅम घेऊ. त्याच्या कार्डावर ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ क्रँकच्या अंशांत दिलेला असतो : इनटेकला (हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला) 268, एक्झॉस्टला (जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हला) 280. त्याखाली दुसरी जोडी असते, 224 आणि 230. ही टॅपेट 0.050 इंच (1.27 मिमी) उचलला गेल्यापासून मोजलेली. तुलना करताना दुसरी जोडीच धरावी. पहिल्या आकड्यासाठी मोजणी कुठून सुरू करायची हे प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांचे ‘268’ सारखे असतीलच असे नाही. तुलनेसाठी सांगायचे तर साध्या 350 मध्ये कारखान्याचा जो सौम्य कॅम वर्षानुवर्षे बसत आला, त्याचे हेच आकडे 195 आणि 202 च्या आसपास आहेत.

लिफ्ट म्हणजे व्हॉल्व्हची उचल. एक्सई-268-एचला ती इनटेकवर 0.477 इंच (12.1 मिमी) आहे. यात रॉकरचा वाटा असतो : लोब स्वतः 0.318 इंचच उचलतो आणि रॉकर त्याची दीडपट करतो. तोच कॅम 1.6 च्या रॉकरवर चालवला तर उचल 0.509 इंचांवर जाते. एक्झॉस्टचे ड्युरेशन जास्त ठेवतात, कारण या इंजिनाच्या जुन्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, एक्झॉस्टचा मार्ग इनटेकच्या मानाने कोंदट आहे. त्याला थोडा जास्त वेळ द्यावा लागतो.

कार्डावरचा सर्वांत मोलाचा आकडा मात्र बहुतेक लोक वाचतच नाहीत. तो म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह कधी मिटतो. एक्सई-268-एचमध्ये पिस्टन तळाला जाऊन परत वर यायला लागल्यावर क्रँक आणखी 60 अंश फिरतो, तेव्हा हा व्हॉल्व्ह मिटतो. तोवर कॉम्प्रेशन सुरूच होत नाही. जास्त आरपीएमवर हा उशीर फायद्याचा असतो, कारण वेगाने आत येणारी हवा पिस्टन वर निघाल्यावरही स्वतःच्या ओघाने सिलिंडरमध्ये घुसत राहते. कमी आरपीएमवर त्या हवेत ओघ नसतो, आणि वर येणारा पिस्टन नुकतीच भरलेली हवा पुन्हा मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आणणाऱ्या नळ्यांत, ढकलून देतो.

याचा हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. 350 चा स्ट्रोक 3.48 इंच आणि कनेक्टिंग रॉड 5.7 इंच. क्रँक 60 अंश पुढे गेला की पिस्टनचा वर यायचा प्रवास साधारण 2.81 इंच उरतो. खरे कॉम्प्रेशन तेवढ्याच प्रवासात होते. कागदोपत्री 9.5 ला 1 कॉम्प्रेशनचे, म्हणजे मिश्रण साडेनऊपट दाबणारे, इंजिन प्रत्यक्षात 7.9 च्या आसपास दाबते. 8 ला 1 असलेले इंजिन फक्त 6.7 वर येते. अमेरिकेत जनरल मोटर्सने 1971 पासून कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन खाली आणले. त्या काळातले कमी कॉम्प्रेशनचे इंजिन घेऊन त्यात कोणी मोठा, म्हणजे जास्त ड्युरेशनचा, कॅम टाकला की पिकअप मरतो, पेट्रोल जास्त जाते, आणि 3,500 आरपीएमच्या पुढे जो जोर मिळतो तो रोजच्या रस्त्यावर वापरायला मिळत नाही. कॅमचा मोठेपणा आधी कॉम्प्रेशनला विचारून ठरवावा. पंपावरच्या पेट्रोलवर आणि लोखंडी हेडवर हा प्रत्यक्षातला आकडा 8 च्या जवळपास राहिला तर इंजिन चांगले ओढते आणि नॉकिंगही (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक) करत नाही.

एक्झॉस्ट मिटायच्या आधी इनटेक उघडतो. दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असतात त्या काळाला ओव्हरलॅप म्हणतात. याच कॅममध्ये इनटेक 28 अंश आधी उघडतो आणि एक्झॉस्ट 26 अंश उशिरा मिटतो, म्हणजे ओव्हरलॅप 54 अंश. इंजिन पळत असताना बाहेर निघालेला धूर मागून येणारी ताजी हवा ओढून घेतो. आयडलिंगला उलटे घडते : जळालेला वायू इनटेकमध्ये शिरतो, ताज्या मिश्रणात मिसळतो आणि काही ठिणग्या वाया जातात. त्यातूनच ती धडधड, थांबत-थांबत येणारी घरघर जन्मते. तिच्या मोहाने कित्येक जण कॅम विकत घेतात. तो आवाज मलाही आवडतो, पण निव्वळ आवाजासाठी कॅम निवडणे मला चूक वाटते. त्याची किंमत व्हॅक्यूममध्ये, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधल्या ओढीत, मोजावी लागते. साध्या कॅमवर आयडलिंगला 18 इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम मिळतो, मोठ्या कॅमवर तो 10–12 पर्यंत उतरतो. पॉवर ब्रेकचा बूस्टर या व्हॅक्यूमवरच चालतो. घाटात उतरताना पेडल दगडासारखे कडक लागले तर आवाजाचा आनंद तिथेच संपतो. असा कॅम बसवायचाच असेल तर व्हॅक्यूमची वेगळी टाकी किंवा विजेवर चालणारा पंप आधी बसवावा.

इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबांच्या शिखरांत जो कोन असतो त्याला लोब सेपरेशन म्हणतात. या कॅममध्ये तो 110 अंश आहे. कोन कमी केला तर ओव्हरलॅप वाढतो, मधल्या आरपीएमचा जोर उसळतो आणि आयडलिंग बिघडते. 112–114 वर सगळे शांत आणि पसरट होते. एकाच दांड्यावर दोन्ही लोब असले की हा कोन घासतानाच कायमचा ठरतो. दोन ओव्हरहेड कॅमच्या इंजिनात गिअर सरकवून तो बदलता येतो. होंडाने 1989 मध्ये व्हीटेकमध्ये याहून पुढचा उपाय आणला. एकाच कॅमवर शांत आणि आक्रमक असे दोन्ही लोब घडवून आरपीएमप्रमाणे त्यांची अदलाबदल करायची. इथे ज्या कोंडीवर आपण बोलतो आहोत तिला दिलेले ते सर्वांत देखणे उत्तर आहे.

कॅमची निवड गाडीपासून वेगळी काढता येत नाही. 26 इंची टायर आणि 3.08 गुणोत्तराचा मागचा डिफरन्शियल असलेली गाडी टॉप गिअरमध्ये ताशी 100 किलोमीटरला साधारण 2,470 आरपीएमवर असते, 3.73 चा बसवला तर जवळपास 3,000 वर. ज्या कॅमचा जोर 3,000 नंतर सुरू होतो तो पहिल्या गाडीत हायवेवरही झोपलेलाच राहील. ऑटोमॅटिक गाडीत टॉर्क कन्व्हर्टरही (इंजिनाला तेलामार्फत गिअरबॉक्सशी जोडणारा भाग) बदलावा लागतो, नाहीतर इंजिन गिअरमध्ये टाकले की बंद पडते. इंजिनाचा आकारही कॅमला गिळतो. 224 अंशांचा कॅम 454 घनइंची इंजिनात सालस वाटतो, 350 मध्ये खेळकर, आणि 305 मध्ये हट्टी. म्हणून वजन, गिअर, कॉम्प्रेशन, हेड हे सगळे लिहून काढावे आणि कॅम सर्वांत शेवटी निवडावा. दोन कॅमांत मन अडकले तर रस्त्यावरच्या गाडीसाठी लहान घ्यावा. रोजची गाडी बहुतेक वेळ 1,500 ते 3,500 आरपीएममध्ये जगते, आणि लहान कॅम तिथेच राबतो.

1997 मध्ये शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट गाडीतून आलेल्या एलएस या व्ही-8 इंजिनांच्या मालिकेत रॉकर 1.7 चे आहेत आणि हेड खूप मोकळी. त्यामुळे कमी ड्युरेशनमध्येही उचल भरपूर मिळते. 2002 च्या एलएस-6 कॅमचे आकडे 204 आणि 218, पण उचल 0.55 इंचांच्या घरात. अशा इंजिनात कॅम बदलला की कॉम्प्युटरचे ट्यूनिंग बदलावेच लागते.

टॅपेटचा प्रकार हा पुढचा प्रश्न. सपाट टॅपेट स्वस्त पडतो. तळाला चाक असलेला रोलर टॅपेट महाग, पण लोबाची चढण तीव्र ठेवू देतो आणि घर्षणही कमी करतो. सपाट टॅपेटमध्ये चढण किती तीव्र ठेवता येते हे त्याच्या व्यासावर अवलंबून असते : शेव्हरोलेचा 0.842 इंच, फोर्डचा 0.874, क्रायस्लरचा 0.904. सॉलिड टॅपेटला ठरावीक फट ठेवावी लागते आणि ती अधूनमधून पाहावी लागते. आपल्याकडे गॅरेजात ‘टॅपेट वाजतायत’ म्हणतात तो आवाज ही फट वाढल्याचा. हायड्रॉलिक टॅपेट तेलाच्या दाबाने ती फट स्वतःच भरून काढतो, म्हणून रोजच्या गाडीला तो बरा.

कॅमसोबत व्हॉल्व्ह स्प्रिंगही बदलाव्यात. जुन्या स्प्रिंगा तीव्र चढणीवर टॅपेटला लोबाशी चिकटवून ठेवू शकत नाहीत. पिस्टन आणि व्हॉल्व्हमधली जागा मोजण्याची पद्धत जुनी आणि अचूक आहे. पिस्टनच्या माथ्यावर मऊ माती (मॉडेलिंग क्ले) थापायची, तिला तेलाचे बोट लावायचे, जुन्या गॅस्केटवर हेड कसायचे आणि इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवायचे. हेड उतरवल्यावर मातीत व्हॉल्व्हचा ठसा दिसतो. तो कापून सर्वांत पातळ जागा मोजायची. इनटेकला 0.080 इंच आणि एक्झॉस्टला 0.100 इंच एवढी जागा हवीच.

बसवताना टायमिंग चेनवरच्या खुणा जुळवून थांबू नये. क्रँकला अंशांची तबकडी लावून, पिस्टन नेमका वर कधी पोहोचतो ते दोन्ही दिशांनी फिरवून काढावे, आणि पहिल्या इनटेक टॅपेटवर डायल गेज ठेवावा. कार्डाप्रमाणे हा टॅपेट पिस्टन वर पोहोचायच्या 6 अंश आधी 0.050 इंच उचलला गेला पाहिजे, आणि उतरताना तळानंतर 38 अंशांवर तिथे परत आला पाहिजे. तबकडीवर 2 आणि 42 दिसले तर कॅम 4 अंश मागे पडला आहे. इनटेक आणखी उशिरा मिटणार आणि खालचा जोर जाणार. हा तासाभराचा खटाटोप टाळणारा माणूस पुढे महिनाभर कार्ब्युरेटरला दोष देत बसतो.

सपाट टॅपेटच्या नव्या कॅमचे भवितव्य पहिल्या 20 मिनिटांत ठरते. लोब किंचित उतरता आणि टॅपेटचा तळ किंचित फुगीर घासलेला असतो, म्हणून टॅपेट चालताना स्वतःभोवती फिरतो. तो फिरायचा थांबला की लोब गुळगुळीत होऊन झिजून जातो. लोबांना तेल मिळते ते मुख्यतः क्रँकच्या शिंतोड्यांतून, आणि आयडलिंगला शिंतोडे पुरत नाहीत. त्यामुळे इंजिन सुरू होताच ते 2,000 ते 2,500 आरपीएमवर न्यावे, 20 मिनिटे खालीवर करत तिथेच ठेवावे, आणि तोवर आयडलिंगला येऊ देऊ नये. पाणी, पेट्रोल, ठिणगीचे टायमिंग हे सगळे त्याआधीच तयार हवे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी आजच्या तेलांत जस्त आणि फॉस्फरसचे संयुग कमी केलेले असते, आणि सपाट टॅपेट तर त्याच संयुगाच्या थरावर टिकतो. म्हणून ब्रेक-इनसाठी, म्हणजे या पहिल्या चालवणीसाठी, जास्त जस्ताचे तेल घ्यावे. दुहेरी स्प्रिंग असेल तर आतली तेवढ्यापुरती काढून ठेवावी.

20 मिनिटे झाली की तेल आणि फिल्टर बदलावे. जुना फिल्टर फेकण्याआधी कापावा, आतला कागद पिळून उन्हात उलगडावा. असेंब्ली ल्यूबचा, म्हणजे जोडणी करताना लावलेल्या वंगणाचा, करडा लेप दिसला तर घाबरू नये. कागदाच्या घड्यांत चांदीसारखे चमचमणारे कण दिसले, तर इंजिन पुन्हा सुरू न करता व्हॉल्व्ह कव्हर उघडावे आणि क्रँक हाताने फिरवत कुठला रॉकर कमी उचलतो ते पाहावे.